हातचा एक

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. सातवीत आहे. मी लॅपटॉप उघडून ऑफिसचं उरलेलं काम उरकत होते आणि ती शेजारी बसून चकली खात होती. मधेच म्हणाली, "मावशी, नऊ वेळा एक लिहायचा आणि त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं. काय येतं सांग."

स्प्रेडशीट समोरच उघडं होतं. एका चौकटीत १११११११११ टाकलं, गुणिले तेच, एंटर. उत्तर पूर्ण अंकांत दाखवायला सांगितलं तेव्हा दिसलं: १२३४५६७८९८७६५४३००. मी तिच्याकडे पाहिलं, छान आहे ना, अशा अर्थाने. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शेवट चुकलाय."

"कशावरून?"

"एकंस्थानी एक आणि एक आहेत. एक एके एक. शून्य कसं येईल?"

तिचं बरोबर होतं. वीस वर्षं मी हिशेबाच्या कामात आहे आणि रोज त्या चौकटींवर डोळे मिटून विसंबते. ते स्प्रेडशीट पहिले पंधराच अंक सांभाळतं, पुढच्या जागी शून्यं भरतं. आमच्या ऑफिसातली कुठलीही रक्कम पंधरा अंकांच्या जवळपाससुद्धा जात नाही, म्हणून हे कधी नजरेला आलं नव्हतं. इथे मात्र संख्या सतरा अंकी होती. शेवटचे दोन अंक गेले आणि जाताना सगळी शोभा घेऊन गेले.

मी लॅपटॉप मिटला आणि तिच्या दप्तरातली चौकटींची वही मागितली.

हा गुणाकार मोबाइलवर करणाऱ्याला तो कधीच कळणार नाही, असं मला आता वाटतं. कागदावर मांडला की तो गुणाकार उरतच नाही. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकायचं. नऊ ओळी झाल्या की कागदावर एक तिरका जिना उभा राहतो. मग उजवीकडून बेरीज. पहिल्या स्तंभात एकच एक. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. असं चढत चढत मधल्या स्तंभात नऊ एक एकाखाली एक उभे, आणि तिथून पुढे पुन्हा आठ, सात, सहा. बेरीज म्हणजे नुसती मोजणी. हातचा कुठेच नाही. उत्तर भाचीनेच लिहिलं, जीभ बाहेर काढून, एका चौकटीत एक अंक:

१२३४५६७८९८७६५४३२१

उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तीच संख्या. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आणि मोठ्याने वाचायची तर एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. 'अब्ज' हा शब्द आठ आणि नऊच्या मधोमध येतो. ही जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाची झोपायला गेली तरी ती वही माझ्याकडेच राहिली. त्या रात्री आणि पुढचे चार-पाच दिवस मी त्या संख्येत अडकून होते.

पहिल्यांदा बाबांची आठवण झाली. बाबा पतपेढीत खातेवह्या लिहायचे. कॅल्क्युलेटर आले तरी त्यांचा नवाचा ताळा सुटला नाही. कुठलाही गुणाकार केला की समासात पेन्सिलीने एक बारीक फुली मारायचे आणि तिच्या कोपऱ्यांत चार अंक. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, ती एका अंकावर येईपर्यंत करत राहायची, नऊ आला तर शून्य धरायचा. दोन्ही संख्यांच्या ताळ्यांचा गुणाकार आणि उत्तराचा ताळा जुळला की बाबा "हं" म्हणून पुढची ओळ घ्यायचे. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणजे ताळा शून्य. उत्तराचाही शून्यच यायला हवा. एकापासून नवापर्यंत पंचेचाळीस, आठापासून एकापर्यंत छत्तीस, एकूण ८१. आठ अधिक एक नऊ. जुळलं. स्प्रेडशीटचं ते तुटकं उत्तर घेतलं तर बेरीज ७८, ताळा सहा. बाबांच्या पेन्सिलीने ते पहिल्याच फटक्यात पकडलं असतं.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा धागा येतो. रोजची तेरीज, म्हणजे जमा-नावेची बेरीज, जुळली नाही आणि फरक नवाने भागला गेला, तर ते म्हणायचे, "कुणीतरी अंक उलटे लिहिलेत. ५४ चे ४५ शोधा." अंकांची जागा बदलली की पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. मी आजही ऑफिसात नव्या मुलांना हेच सांगते, आणि अशा वेळी चूक बहुतेकदा तिथेच सापडते.

आता ही संख्या कोणाच्या कुळातली, हे बघायला बसले. पूर्ण वर्ग आहे, ते उघडच. अवयव पाडले. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ पुढे कशानेच तुटत नाही, मूळ संख्या आहे. सगळ्याचा वर्ग केला की आपली संख्या: तीनचा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एवढ्या अवाढव्य संख्येच्या पोटात मूळ संख्या तीनच. विभाजक मोजले तर पंचेचाळीस. विषम, कारण वर्गसंख्येच्या विभाजकांची मोजणी नेहमी विषमच येते. प्रत्येक विभाजकाला जोडीदार मिळतो, फक्त वर्गमूळ आपलं आपल्याशीच जोडी लावून बसतं. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, म्हणजे जिच्यात ती संख्येइतकीच भरते त्या परिपूर्ण संख्येच्या जवळपासही नाही. हे सगळं खरं, पण आधार कार्डावरच्या माहितीसारखं. माणूस त्यातून कळत नाही.

कळायला सुरुवात झाली ती डोंबिवलीपाशी.

मी डोंबिवलीत राहते. वीस वर्षं त्याच फलाटावरून मुंबईची गाडी पकडते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या गणितवेड्या माणसाला १९२३ साली याच स्टेशनावर एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. तेव्हा ही जी. आय. पी. रेल्वे होती, मुंबईपासून तीस मैलांवरचं हे स्टेशन 'डेम्लो' या नावाने ओळखलं जायचं, आणि कापरेकरांनी त्या संख्यांना नाव दिलं डेम्लो संख्या. त्यांचा जन्म १९०५ सालचा, म्हणजे वय अठरा. त्या वयाचा मुलगा गाडीची वाट बघताना मनात अंकांची तोडजोड करतो आहे, हे चित्र मला आता फलाटावर रोज दिसतं.

डेम्लो संख्येचे तीन तुकडे असतात: डावा, मधला, उजवा. मधल्यात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा तुकडा एकमेकांत मिळवला की मधलाच अंक उमटायला हवा. १६५ घ्या, एक आणि पाच सहा. २५५३ घ्या, दोन आणि तीन पाच. ४७७७३, चार आणि तीन सात. आता आमच्या चौकटींच्या वहीतली संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा. एक आणि आठ नऊ, दोन आणि सात नऊ, तीन आणि सहा नऊ. पूर्ण ९९९९९९९९. १, १२१, १२३२१ पासून सुरू होणाऱ्या या ओळीला कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटलं आहे. एकट्या नवापाशी ती ओळ आपल्या शिखरावर पोचते.

अशा संख्यांचा नाद आपल्याकडे फार जुना आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात एका संख्येचं वर्णन येतं: एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी. म्हणजे १२३४५६५४३२१, आमच्या संख्येची धाकटी बहीण. त्यांनी ती २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून काढली आहे. मी हे कागदावर उलगडून पाहिलं. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. एकासारखे एक ओळीने लिहिताना डोळा हमखास घसरतो, म्हणून बोट ठेवून लिहिते: १११, १११. महावीराचार्य असल्या गुणाकारांना कंठाभरण म्हणतात, गळ्यातला दागिना. माळ ओवताना मणी मोजावेच लागतात.

आणि भास्कराचार्य. ११५० सालच्या 'लीलावती'त त्यांनी स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ स्थापला होता. आमची संख्या सतरा अंकी. म्हणजे तिचा डावीकडचा पहिला एक बसतो 'मध्य' या स्थानावर. पुढे फक्त एक घर उरतं, परार्धाचं.

कापरेकरांकडे परत येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळवलं, आणि पुढे नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापायचे. दारुड्याला जसं त्या धुंदीत राहावंसं वाटतं तसंच आपलं संख्यांच्या बाबतीत आहे, असं ते म्हणत. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटलं. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगाने त्यांची नावं उचलली.

त्यांचा ६१७४ बहुतेकांना ठाऊक असतो. चार अंक घ्या, सगळे एकच नकोत, मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येता आणि तिथून हलत नाही. ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. मला यात आता बाबांची तेरीज दिसते. अंकांची जागा बदलून केलेली वजाबाकी, म्हणून ती नवाच्या पटीतच येणार. ६१७४ म्हणजे नऊ गुणिले ६८६. पतपेढीतला कारकून ज्या चुकीच्या मागावर असायचा, तीच हालचाल देवळालीच्या मास्तरांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा केली आणि ती कुठे जाऊन थांबते ते पाहिलं.

त्यांनी दिलेल्या नावांतलं मला सगळ्यांत आवडतं ते 'हर्षद'. हर्ष देणारी. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने भागली जाते ती हर्षद. बारा घ्या, एक आणि दोन तीन, तीनने बाराला भाग जातो. परदेशात याच संख्यांना इवान निवेन यांच्यावरून निवेन संख्याही म्हणतात, पण भागाकार पूर्ण सुटल्यावर मनात जे होतं ते 'हर्षद' या शब्दात आहे. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तीनचा चौथा घातही ८१. तेव्हा भाग जाणारच, हे अवयव पाडल्यापासून माहीत होतं. तरी मी लांब भागाकार केला. दोन पानं लागली. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. ही पुन्हा वर्गसंख्याच, १२३४५६७९ चा वर्ग.

मग उरला तो सगळ्यांत अवघड प्रश्न. ही संख्या स्वयंभू आहे का?

आपल्याकडे स्वयंभू म्हणजे कोणी न घडवलेली, जमिनीतून आपोआप प्रकटलेली मूर्ती. कापरेकरांनी संख्यांमध्येही हा भेद केला. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. १५ मध्ये एक आणि पाच मिळवले की २१. म्हणजे १५ ही २१ ची जननी. १०१ ला तर दोन जननी आहेत, ९१ आणि १००. पण काही संख्या अशा असतात की त्यांना कोणीच जन्म दिलेला नाही. २०, ३१, ४२, ५३. कितीही शोधा, अशी संख्या सापडत नाही. त्या स्वयंभू.

सतरा अंकी संख्येची जननी शोधायची म्हणजे गवताच्या गंजीत सुई, असं वाटलं होतं. पण बाबांचा ताळा मदतीला आला. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांचा नवाचा ताळा सारखाच. दोन्ही मिळवून आमची संख्या होणार, जिचा ताळा शून्य. दोन सारखे ताळे मिळून शून्य व्हायचे तर दोन्ही शून्यच हवेत. म्हणजे जननीच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत असणार. आणखी एक. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, त्यामुळे जननी आमच्या संख्येहून जास्तीत जास्त तेवढ्याने लहान. म्हणजे शेवटचे तीन अंक सोडले तर बाकीचे चौदा तेच: १२३४५६७८९८७६५४. त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तिघांची बेरीज शून्य ते सत्तावीसच्या मधली. म्हणून एकूण बेरीज ७५ ते १०२ मध्ये, आणि नवाच्या पटीत. उरले किती? तीनच: ८१, ९०, ९९.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही, पेन्सिल, गार झालेला चहा. शेवटचे तीन अंक ३२१. त्यातून ९९ गेले, २२२. अंकांची बेरीज सहा, एकूण ८१. हवी होती ९९. गेली. त्यातून ९० गेले, २३१. पुन्हा सहा, पुन्हा ८१. हवी होती ९०. हीही गेली. आता ८१ वजा केले. २४०. दोन आणि चार सहा, पंचाहत्तर आणि सहा ८१.

हवी होती ८१.

१२३४५६७८९८७६५४२४०. आमच्या संख्येची जननी. एकुलती एक, कारण दुसरी शक्यताच उरली नव्हती. तर आमची संख्या स्वयंभू नव्हे. तिला आई आहे. आणि आईच्या अंकांची बेरीजही ८१, तिलाही ८१ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे आईही हर्षद.

मग हात थांबेना. आईची आई कोण? रीत तीच, शक्यता त्याच तीन. २४० मधून ९९ गेले, १४१. बेरीज सहा, एकूण ८१, जुळत नाही. ९० गेले, १५०. पुन्हा ८१, जुळत नाही. शेवटी ८१ गेले, १५९. एक, पाच, नऊ पंधरा. एकूण ९०. हवी होती ८१.

जुळत नाही. मी तिन्ही वजाबाक्या पुन्हा केल्या. नाहीच. १२३४५६७८९८७६५४२४० ला कोणीही जन्म दिलेला नाही. ती स्वयंभू आहे.

बाहेरून बघितलं तर ती किती साधी संख्या. चढली, उतरली आणि शेवटी २४० वर कशीतरी संपली. वाटेत भेटली तर कोणी वळून पाहणार नाही. देखणी आहे ती तिची मुलगी, दोन्हीकडून सारखी, जिच्यासाठी महावीराचार्यांनीही दागिन्याचा शब्द वापरला असता. पण घराण्याची सुरुवात त्या साध्या संख्येपासून आहे. कापरेकरांनी 'स्वयंभू' ही जात केली नसती तर तिच्याकडे मी कधी बघितलंच नसतं. त्यांच्या कामाला किरकोळ म्हणणाऱ्यांना मला हे टेबल दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला सगळं दाखवलं. जननी तिला लगेच कळली. मग तिने तो प्रश्न विचारला जो मी इतक्या दिवसांत विचारला नव्हता. "नऊच का? दहा एक घेतले तर?"

पुन्हा जिना. आता दहा ओळी. पण मधल्या स्तंभात दहा एक उभे राहिले, आणि एका चौकटीत दहा मावत नाहीत. शून्य लिहा, हातचा एक. पुढच्या स्तंभात नऊ आणि हातचा एक, पुन्हा दहा. शून्य लिहा, हातचा एक. त्याच्या पुढे आठ, हातचा एक, नऊ. तिथे हातचा संपला. उत्तर आलं: १२३४५६७९००९८७६५४३२१.

तिचा चेहरा उतरला. "बिघडलं." आठ नाहीसा झालेला, मध्ये दोन शून्यं, दोन्हीकडून वाचायची सोय गेली. आणि अंक एकोणीस, म्हणजे 'लीलावती'तलं परार्धाचं शेवटचं घरही ओलांडलेलं. आठ गेलेला नाही, त्याने हातचा घेतला आणि तो नऊ झाला, एवढं मी तिला सांगितलं. पण बिघडलं होतं हे खरं.

मग कापरेकरांची आणखी एक रीत आठवली, जिच्यावरून त्यांचं नाव आज जगभर घेतलं जातं. संख्येचा वर्ग करायचा. मूळ संख्येत जितके अंक, तितके उजवीकडून तोडायचे, आणि दोन्ही तुकडे मिळवायचे. मूळ संख्याच परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. नऊ एकांचा वर्ग मी असा तोडून पाहिला होता, अब्ज या शब्दापाशी: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. सुंदर, पण मूळ संख्या काही परत येत नाही. आमची देखणी संख्या या परीक्षेत बसली नव्हती.

"हे बिघडलेलं तोड," मी म्हटलं. तिने उजवीकडून दहा अंक मोजले आणि रेघ मारली. उजवीकडे ०९८७६५४३२१, डावीकडे १२३४५६७९०. एकाखाली एक मांडले.

एक आणि शून्य, एक. दोन आणि नऊ अकरा, एक लिहिला, हातचा एक. तीन आणि सात दहा, हातचा एक अकरा, एक लिहिला. चार आणि सहा आणि हातचा, पुन्हा अकरा. पाच, पाच, हातचा. तिचं पेन्सिल चालवणं हळूहळू वेगात आलं. प्रत्येक घरात एक आणि प्रत्येक घरातून पुढे जाणारा हातचा एक. शेवटच्या घरात शून्य आणि रिकामी जागा, आणि फक्त तो हातचा.

११११११११११. बोट ठेवून मोजले. दहा.

ज्या हातच्याने वर्ग बिघडवला, त्यानेच घराघरांतून पुढे जात मूळ संख्या परत आणली. दहा एकांची संख्या कापरेकर संख्या आहे. भाची काही बोलली नाही, तिने फक्त वहीचं पान उलटून पुढच्या पानावर तीच बेरीज स्वच्छ अक्षरात पुन्हा केली.

सुट्टी संपली, ती घरी गेली. परवा रात्री फोन आला. "मावशी, वही आहे जवळ? अकरा एक." तिने चौकटींची दोन पानं चिकटवली होती. मला आकडे सांगितले, मी लिहून घेतले: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. उजवीकडून अकरा तोडायचे: २०९८७६५४३२१. डावीकडे उरतात १२३४५६७९०१.

"परत एकच येतील?" तिने विचारलं.

मी बाबांसारखा अकरा एकांचा ताळा काढला, एक आणि एक दोन, वर्गाचा चार, म्हणजे जुळणार नव्हतं, पण तिला सांगितलं नाही. "तूच कर," म्हटलं. फोनवर पेन्सिलीचा आवाज येत होता. मग ती उजवीकडून वाचायला लागली, "दोन... दोन... दोन, हातचा एक... दोन..."